केस आणि नखांसाठी काय खावं? (आणि काय खाऊन काही होत नाही)

कवडसा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज प्रश्न घेऊन आले आहे.

केस विंचरले की कंगव्यात पुंजका, न्हाणीघराच्या जाळीवर आणखी एक. टाळू दिसायला लागली आहे असं नाही, पण वेणीचा घेर उतरलाय हे हाताला कळतं. दुसरी तक्रार नखांची. टोकाला पापुद्रे सुटतात, लोकरीच्या कपड्यात अडकतात. शिवाय दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर एकेक आडवी खाच आली आहे, जवळपास एकाच उंचीवर.

घरात तीन मतं आहेत: कॅल्शियम कमी पडतंय, बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घे, आणि वय झालं. चाळिशी अजून लांब आहे, त्यामुळे तिसरं मत बहुमताने फेटाळलं. शाकाहारी आहे, अंडी चालतात. गोळ्या सुरू करण्याआधी जेवणातून काय करता येईल ते हवंय. तेल, शाम्पू, लेप नकोत, त्यावर धागे उदंड आहेत.

मेथीदाणा:
+१. माझीही तीच रड. वाचतेय.

बोरूबहाद्दर:
बायोटिन. ५,००० मायक्रोग्रॅमची गोळी, रोज एक. आमच्या ऑफिसात निम्मी जनता घेते. विषय संपला.

ताटवाटी:
विषय एवढ्यात संपत नाही हो बोरूबहाद्दर. :)

कवडसा, मी पेशाने आहारतज्ज्ञ आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण एक प्रश्न विचारते. काय खाता हे नंतर सांगा. तीन-चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आधी सांगा. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने वजन उतरणं, यातलं काही?

विचारण्याचं कारण असं. केसाचं मूळ काही वर्षं काम करतं, मग दोन-तीन आठवड्यांत काम आवरतं आणि साधारण तीन महिने विश्रांती घेतं. विश्रांती संपताना जुना केस गळतो. एरवी डोक्यावरच्या सुमारे एक लाख मुळांपैकी दहाएक टक्केच एका वेळी विश्रांतीत असतात, म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे चालू हिशेबातलं आहे. शरीरावर मोठा ताण आला की बरीच मुळं एकदम काम थांबवतात. ते तेव्हा दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी, आपण ताप विसरून गेलेलो असताना, कंगव्यात दिसतं. मग माणूस गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला दोष देतो.

आणि त्या खाचेचं अंतर मोजा. नखाच्या मुळाशी जिथे कातडी संपते तिथपासून खाचेपर्यंत, मिलिमीटरमध्ये.

कवडसा:
पट्टी घेऊन मोजलं. उजव्या अंगठ्यावर ७, डाव्यावर त्याहून किंचित कमी.

ताटवाटी:
हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे खाच बाहेर येऊन दोन महिन्यांहून थोडं जास्त झालं. नख तयार होतं ते कातडीच्या घडीखाली, तिथून बाहेर यायला महिनाभर धरा. साडेतीन महिन्यांच्या आसपास काहीतरी घडलंय. दोन्ही हातांवर सारख्याच उंचीवर आहे म्हणजे बोट दारात चेमटण्यातला प्रकार नाही, सगळ्या शरीराला बसलेला फटका आहे. नख बनवण्याचं काम तेवढे दिवस मंदावलं, त्याची ही नोंद. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये या खाचांचं वर्णन केलं, आजही त्यांना बोच्या रेषा म्हणतात.

कवडसा:
अंगावर काटा आला. बरोबर तेव्हाच ताप होता. चांगला सणसणीत, आठवडाभर पाण्याखेरीज फारसं काही पोटात जात नव्हतं. त्यानंतर भूक नीट परत आलीच नाही. सकाळी कॉफी आणि दोन बिस्किटं, दुपारी थोडा भात, रात्री सूप किंवा फळ. वजन उतरलं म्हणून सगळे कौतुक करतायत!

नखनिरीक्षक:
अवांतर, पण या धाग्यावर सांगायलाच हवं. विल्यम बीन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी एक बारीक रेघ कोरायचे आणि ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते लिहून ठेवायचे. ३५ वर्षं! १९८० मध्ये त्यांनी ते सगळं प्रसिद्ध केलं. वयाच्या ३२ व्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिमी वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५ मिमी. एवढी चिकाटी आपल्यात असती तर आपण आज इथे टंकत बसलो नसतो.

मेथीदाणा:
म्हणजे नख दिवसाला एक दशांश मिलिमीटर. आणि आपण आठवडाभर बदाम खाऊन आरशात बघतो.

ताटवाटी:
नखनिरीक्षक, भारी! मेथीदाणा, अगदी तेच सांगायचं होतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. बाहेर दिसणारा केस आणि नख दोन्ही निर्जीव. आज जेवलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही, फक्त मुळाशी जे नवीन बनतंय तिथे पोचतं. त्यामुळे हाताचं अख्खं नख बदलायला चार ते सहा महिने, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्ष. महिन्याभरात फरक दाखवतो म्हणणारा कोणीही काय विकतोय ते आधी बघा.

आता कवडसा, तुमच्या ताटाकडे. तुम्ही लिहिलेल्या दिवसात प्रथिनं जवळपास नाहीत, आणि माझ्या मते मूळ दुखणं इथे आहे. केस आणि नख दोन्ही केराटिनचे, केराटिन म्हणजे प्रथिन. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. आजारातून उठताना गरज वाढते, कमी होत नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सातएक ग्रॅम, म्हणजे पातळ वरणाच्या वाटीत त्याहून बरंच कमी, कारण त्या वाटीत पाणीच जास्त असतं. पेलाभर दुधात सातएक ग्रॅम. बिस्किटं आणि सूप यांचा हिशेब तुम्हीच करा.

शरीर अडचणीत आलं की हृदयासारख्या जिवाच्या अवयवांना आधी पुरवतं. केस नसले तरी जीव जात नाही, म्हणून काटकसर सगळ्यात आधी तिथे होते. पोट भरतं पण प्रथिनं नसतात अशा जेवणावर वाढलेल्या, गंभीर कुपोषण झालेल्या मुलांच्या केसांवर कधी कधी फिकट आणि गडद पट्टे दिसतात. ज्या काळात अन्न मिळालं तो गडद, मिळालं नाही तो फिकट. ते टोकाचं उदाहरण आहे, तुमचं तसं नाही, पण यंत्रणा तीच.

म्हणून पहिला बदल कंटाळवाणा आहे: तिन्ही वेळच्या जेवणात काहीतरी प्रथिनांचं असू द्या. सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर घट्ट दही आणि मूठभर दाणे. दुपारी भाताबरोबर दाट डाळ किंवा कडधान्य. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी कडधान्यात मेथिओनीन कमी आणि धान्यात लायसीन कमी, दोन्ही दिवसभरात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. रात्रीच्या सुपात मसूर घाला, पनीर घाला, काहीही घाला, नुसतं पाणी पिऊ नका. आणि पोटभर जेवा. एकूण उष्मांकच कमी पडले तर खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जळतात, केसाच्या वाट्याला काही येत नाही.

खवचट_खलबत्ता:
आमचे आजोबा रोज दूध, तूप, डाळ, सगळं खायचे. विसाव्या वर्षी कपाळ मागे सरकायला लागलं, तिशीत चकचकीत. यावर आहारशास्त्र काय म्हणतं? (हलके घ्या.)

ताटवाटी:
आहारशास्त्र म्हणतं की हा त्याचा विषय नाही. कपाळाच्या कोपऱ्यांतून किंवा माथ्यावरून हळूहळू होणारं आनुवंशिक टक्कल हा हार्मोन आणि जनुकांचा खेळ. त्यावर त्वचारोगतज्ज्ञाकडची औषधं आहेत, जेवणात उपाय नाही. नाण्याएवढा गोल चट्टा एकदम पडला तर ते आणखी वेगळं, तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. घट्ट अंबाडा वर्षानुवर्षं बांधून कानशिलावरचे केस जातात, तेही वेगळं. थायरॉइड वेगळं. आहाराने सुधारतं ते फक्त आहाराने बिघडलेलं. कवडसांचं गळणं सगळ्या डोक्यावरून सारखं आहे आणि मागे ताप आहे, म्हणून त्यांच्याशी ताटाबद्दल बोलतेय.

परीक्षानळी:
बायोटिनवर थोडं. मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो.

प्रौढाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसं धरतात. बोरूबहाद्दर म्हणतात त्या गोळीत ५,०००. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ. अंडी, दाणे, कडधान्यांतून ते मिळतं, शिवाय आतड्यातले जीवाणूही थोडं बनवतात. कमतरता ओढवून घ्यायची एक प्रसिद्ध पद्धत म्हणजे महिनोन्‌महिने कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पिणं, कारण त्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिनला धरून ठेवतं. अंडं शिजवलं की अ‍ॅव्हिडिनचा जोर जातो. जिमवाल्यांनी नोंद घ्यावी.

गोळीचा त्रास आम्हाला होतो तो असा. बऱ्याच तपासण्यांच्या रसायनांमध्येच बायोटिन वापरलेलं असतं. तुमच्या रक्तात ते भरपूर असलं की निकाल चुकतो. थायरॉइडच्या तपासणीत चांगला माणूस आजारी दिसू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बघतात, ते खोटं कमी दिसू शकतं, आणि हे जिवावरचं आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये पुन्हा. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. लोक सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

बोरूबहाद्दर:
अरे बापरे. हे कोणी सांगितलं नव्हतं. पण मग आमच्या ऑफिसात गोळी घेणाऱ्या बायकांची नखं सुधारली ती कशी?

ताटवाटी:
ठिसूळ नखांवर बायोटिनचे काही छोटे अभ्यास आहेत, थोडा उपयोग दिसलाय. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत गोळी न घेणारा तुलनेचा गट नव्हता. आणि गोळी सुरू करणारी माणसं सहसा त्याच सुमारास नखांची काळजीही घ्यायला लागतात. केसांचं तर आणखी सोपं: तापानंतरची गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. माणूस चौथ्या महिन्यात गोळी सुरू करतो, सहाव्यात गळती थांबते, श्रेय गोळीला. बाळंतपणानंतरचंही तसंच. गरोदरपणात केस गळायचे राहतात, ते नंतर एकदम गळतात, आणि बहुतेकींचं वर्षभरात पूर्ववत होतं. त्या वर्षात कोणी काहीही विकून जातं.

सुईदोरा:
कॅल्शियमचं कोणी बोललं नाही. माझ्या नखांवर पांढरे ठिपके आहेत, लहानपणापासून ऐकतेय की कॅल्शियम कमी.

ताटवाटी:
ते ठिपके नखाच्या मुळाला बसलेल्या बारीकसारीक धक्क्यांचे. नखं टेबलावर आपटणं, मुळाशी कातडी मागे ढकलणं, कुरतडणं. नखासोबत पुढे सरकतात आणि कापले जातात. नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं आणि त्याचा कडकपणा कॅल्शियममुळे येतच नाही, केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो. कॅल्शियम हाडांसाठी खा, नखांच्या नावाने नको.

आणि पापुद्रे सुटण्याचं उत्तर बहुतेक वेळा ताटात नसून मोरीत असतं. नख पाणी पितं, फुगतं, वाळतं, आकसतं. दिवसातून बऱ्याचदा हे झालं की थर एकमेकांपासून सुटतात. त्यात साबण, आणि नखरंग काढायचं अ‍ॅसिटोन. एक खूण बघा: हाताची नखं सोलवटतात पण पायाची ठणठणीत आहेत का? असतील तर कारण बाहेरचं असण्याची शक्यता जास्त. भांडी घासताना हातमोजे, हात पुसल्यावर साधं पेट्रोलियम जेली. कवडसा, तुमची पायाची नखं कशी आहेत?

कवडसा:
पायाची एकदम मस्त! आणि हो, भांडी मीच घासते, हातमोज्यांशिवाय. मग पापुद्र्यांना मोरी जबाबदार आणि खाचेला ताप. कॅल्शियमवाल्या पक्षाला निरोप पोचवते. लोहाचं काय? ते सगळेच सांगतात.

ताटवाटी:
लोहाचं सगळे सांगतात कारण ते खरं आहे, विशेषतः पाळी येणाऱ्या बायकांच्या बाबतीत. त्यांची गरज पुरुषांपेक्षा बरीच जास्त असते. फार कमी पडलं तर नख मधे खोलगट होतं, चमच्यासारखं, इतकं की त्यावर पाण्याचा थेंब राहतो. तिथपर्यंत जायची वाट बघू नका.

हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, लोहाचा साठा दाखवतं ते रक्तातलं फेरिटिन. निरोगी प्रौढात ते १५ च्या खाली म्हणजे साठा रिकामा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप. केसांसाठी ते किती असावं यावर डॉक्टरांत एकमत नाही, बरेच जण ३०-४० च्या वर असावं म्हणतात. एक मेख आहे: ताप किंवा दाह असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. आजारातून नुकतेच उठलेल्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

शाकाहारी जेवणातलं लोह शोषलं जायला नखरे करतं. पालकाच्या कीर्तीवर जाऊ नका, त्यातलं फार थोडं अंगी लागतं. मसूर, हरभरे, राजमा, तीळ जास्त भरवशाचे. भिजवले, मोड आणले किंवा आंबवले की त्यातलं लोहाला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि लोह मोकळं होतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं: वरून पिळलेलं लिंबू, कच्ची ढोबळी मिरची, पेरूची फोड. सकाळच्या संत्र्याचा रात्रीच्या डाळीला उपयोग नाही. आणि चहा-कॉफी जेवणाबरोबर नको. घासाबरोबरचा चहा लोहाचं शोषण निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त पाडतो. मधे तासभर जाऊ द्या. माझ्याकडे येणाऱ्यांना पालेभाजी वाढवा म्हटलं की आनंदाने मान डोलावतात, चहा सरकवा म्हटलं की चेहरे पडतात.

ब१२ चं एका ओळीत: दूध आणि अंडी बेताची असतील तर तपासून घ्या, वनस्पतींतून ते मिळत नाही.

खवचट_खलबत्ता:
मग सगळंच थोडं थोडं असलेली एक 'केस-त्वचा-नखं' गोळी घेतली तर? सेलेनियम, झिंक, अ जीवनसत्त्व, सगळे पाहुणे एका गाडीत.

परीक्षानळी:
त्याच गाडीला अपघात झालेला आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात सेलेनियम लेबलवर लिहिल्यापेक्षा २०० पट पडलं. २०१ लोकांना त्रास झाला. लक्षणं काय होती? जुलाब, थकवा, सांधेदुखी, नखांचा रंग बदलणं, आणि केस गळणं.

ताटवाटी:
सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. अ जीवनसत्त्व गोळ्यांतून जास्त झालं तरी केस गळतात. (गाजराने नाही. गाजर फार खाल्लं तर कातडी पिवळसर होईल, बस.) झिंक कमी पडलं तर केस जातात हे खरं, पण महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर तांब्याची कमतरता होते. दिवसाला ४० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठी वरची मर्यादा. तीन वेगवेगळ्या डब्यांत तेच घटक असतात आणि लोक तिन्ही घेतात, मर्यादा अशीच ओलांडली जाते. ब्राझील नट आवडत असतील तर एक-दोन, मूठभर रोज नको, एकेका दाण्यात दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त सेलेनियम असू शकतं.

रेशीमगाठ:
माझा अनुभव वेगळा आहे. कोलॅजनची पावडर घेतल्यापासून केस दाट झालेत. सगळं थोतांड म्हणू नका.

ताटवाटी:
थोतांड म्हणत नाही. कोलॅजन प्रथिनच आहे, पोटात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात, बराचसा भाग अमिनो आम्लांपर्यंत सुटतो. ते तुकडे केसाचा पत्ता शोधत जात नाहीत. त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल नाही, म्हणून प्रथिन म्हणून ते अंड्याच्या किंवा दुधाच्या पंगतीला बसत नाही. तुमच्या जेवणात प्रथिनं कमी असतील तर पावडरने थोडी भर पडली असेल. तेच काम डाळ-अंडी करतात, असं माझं मत. पटलं नाही तर घ्या, घातक नाही.

रेशीमगाठ:
मत पोचलं. मी घेणार. :)

वजनकाटा:
वजन कमी करायची इंजेक्शनं चालू आहेत, केस गळतायत. औषधामुळे का?

ताटवाटी:
चाचण्यांमध्येही औषध घेणाऱ्या गटात केसगळती थोडी जास्त दिसली होती. वजन ज्यांचं जास्त उतरतं त्यांच्यात अधिक, म्हणून संशय झपाट्याने वजन उतरण्यावर आहे. भूकच लागत नसल्याने जे दोन घास जातात ते प्रथिनांचे असू द्या, भात-फळांनी पोट भरून टाकू नका. औषध मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्याशी बोला.

कवडसा:
अपडेट. हिमोग्लोबिन काठावर पास, फेरिटिन ११. डॉक्टरांनी लोहाची गोळी एक दिवसाआड दिली आहे. रोज का नाही हे विचारायचं राहिलं. अंगठ्यांवरची खाच टोकाकडे सरकतेय.

ताटवाटी:
लोहाचा मोठा डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पुढचा दिवसभर लोहाला दार बंद ठेवतं. दिवस सोडून घेतलं की त्या गोळीतलं जास्त अंगी लागतं, पोटही कमी बिघडतं. गोळी कॉफीबरोबर किंवा दुधाबरोबर नको. शौचाला काळसर होईल, घाबरू नका.

सुईदोरा:
शेवटचा प्रश्न. आईच्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालंय, कडेने भुगा पडतो. तिलाही प्रथिनं वाढवू का?

ताटवाटी:
प्रथिनं जरूर वाढवा, पण त्या नखासाठी नाही. ती बुरशी असू शकते, सोरायसिसही असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ नखाचा तुकडा तपासायला पाठवतील, अंदाजाने मलम सुरू करू नका. आईंना मधुमेह असेल तर लवकर दाखवा.

सुईदोरा:
आहे मधुमेह. सोमवारची वेळ घेते.